नेसावे कोणासाठी?

खावे आपल्या आवडीने आणि ल्यावे लोकांच्या आवडीने, अशा अर्थाची एक म्हण आपल्याकडे घरोघर ऐकू येते. तिच्या पहिल्या अर्ध्या भागाशी माझे भांडण नाही. दुसरा अर्धा भाग मात्र निरोगी माणसांनी निरोगी माणसांसाठी रचला असावा, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. लोकांच्या डोळ्यांना जे सुखवते ते आपल्या अंगाला निदान सोसवते, हे तिने गृहीत धरले आहे. ज्याला ते सोसवत नाही त्याने काय करावे, याविषयी म्हण गप्प आहे; आणि म्हणी जिथे गप्प बसतात तिथे बहुधा विचार करण्याजोगे काही तरी असते.

दिवाळीच्या तोंडावर हा प्रश्न कापडाच्या प्रत्येक दुकानात येऊन बसतो, पण त्याला प्रश्न म्हणून कोणी ओळखत नाही. मुलांचे कपडे होतात, सुनेची साडी होते, आणि मग घरातली एखादी काकू, एखादी मावशी म्हणते, "मला काही नको हो. गेल्या वर्षीच्या साडीची अजून घडीसुद्धा मोडलेली नाही." आपण त्याला साधेपणा म्हणतो, कोणी वयाबरोबर आलेले वैराग्यही म्हणतो. पुष्कळदा ते वैराग्य नसते. त्या साडीखाली जो परकर बांधावा लागतो त्याची नाडी तिला तासभरही सोसवत नाही, एवढेच कारण असते; आणि ते दुकानात, दिराच्या आणि जावयाच्या देखत, सांगण्याजोगे नसते.

ज्या दुखण्यांविषयी मी लिहिते आहे त्यांना एक नाव नाही. बेंबीच्या खाली आणि मांड्यांच्या वर शरीराचा जो पट्टा आहे, तिथे मुक्कामाला आलेली ही दुखणी. खुब्याचा सांधा झिजतो. लोक तो कुल्ल्यावर आहे असे समजून तिथे हात ठेवतात. पण त्या सांध्याची कळ बहुधा जांघेत उमटते, आणि कधी कधी तर खाली गुडघ्यात जाऊन बसते, त्यामुळे बिचारा गुडघा विनाकारण तेल चोळून घेतो. कमरेच्या पुढच्या हाडापाशी एक मज्जातंतू मांडीत उतरतो. त्याच्यावर पट्टा किंवा नाडी दाबून बसली की मांडीची बाहेरची बाजू बधिर होते, मुंग्या येतात, आग होते. या विकाराचे वर्णन १८९५ साली वैद्यकाच्या ग्रंथांत आले आणि 'मेराल्जिया' असे त्याचे ग्रीक वळणाचे नाव पडले. मनाचा ठाव घेणारा फ्रॉइड याला स्वतःलाच तो होता आणि त्याच वर्षी त्याने त्यावर लिहिले, ही गंमत मला फार आवडते. मनोविश्लेषणाच्या जनकालासुद्धा मांडीने आधी गाठले.

तिसरे दुखणे ओटीपोटाचे. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाच्या बाहेर रुजतात आणि महिन्याच्या चक्राबरोबर त्याही सुजतात, दुखतात. याला एन्डोमेट्रिओसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे मूल होण्याच्या वयातल्या दर दहा स्त्रियांत सुमारे एकीला, म्हणजे जगात सुमारे १९ कोटींना, ते असते. त्यात पोट फुगते. सकाळी अंगासरशी बसलेला कपडा संध्याकाळी कात्रीत धरल्यासारखा वाटतो. याशिवाय कारण न सापडणारीही ओटीपोटाची दुखणी आहेत. सहा महिन्यांहून अधिक टिकले की डॉक्टर त्यांना जुनाट म्हणतात. ज्यांना ती असतात त्या सहा महिने मोजत बसत नाहीत. त्या वर्षे मोजतात.

आता वस्त्र या दुखण्यांना काय करते ते पाहावे. कपडा अंगावर नुसता असतो असे आपल्याला वाटते, कारण निरोगी अंग त्याची दाद घेत नाही. दुखऱ्या अंगाला मात्र प्रत्येक शिवण ठाऊक असते. उभे असताना जो पट्टा बरा वाटतो तोच बसल्यावर जांघेच्या घडीत अडकतो. जीन पँटीची जाड शिवण, बरोबर जिथे नको तिथे, एकत्र येते. पूर्वी लेंग्याच्या दोन पायांमध्ये शिंपी एक चौकोनी तुकडा बसवीत असे. तो दिसायला वेडाबागडा. पण त्यामुळे मांडी घालून बसले तरी कापड ओढत नसे. पुढे पँटीची सरळ रेषा शोभिवंत ठरली आणि तो तुकडा गेला. आता खुब्याचा रोगी तयार कपड्यांच्या दुकानात ढगळ काही तरी मागतो तेव्हा खरे म्हणजे तो तुकडाच मागत असतो.

आणि कपडा अंगावर येण्याच्या आधीचेही एक दुखणे आहे. बोस्टनच्या विल्यम हॅरिस या शल्यवैद्याने १९६९ साली खुब्याची परीक्षा घेण्यासाठी १०० गुणांची एक पत्रिका तयार केली; ती आजही जगभर वापरतात. तीत ४४ गुण वेदनेला आहेत आणि ४ गुण मोजे व बूट घालण्याला: सहज घालता आले तर ४, कष्टाने आले तर २, नाही आले तर शून्य. शाळेत मुलांना गुण देण्याचा माझा धंदा असल्यामुळे ही पत्रिका मी मोठ्या आदराने वाचली. पण मोजे घालणे ही थंड देशातली परीक्षा झाली. आमच्या बाईने आयुष्यात मोजे घातले नाहीत. तिची परीक्षा परकरात पाय टाकताना होते, न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर, एका हाताने कडी धरून. ते गुण कोणी मोजलेले नाहीत. खुब्याच्या रोग्यांना व्यायाम शिकवणारे लोक एक साधा नियम सांगतात: दुखरा पाय कपड्यात आधी घालावा आणि काढताना शेवटी काढावा. आणखी म्हणजे उभ्याने नव्हे, खुर्चीवर बसून. हे ऐकायला क्षुल्लक वाटते. पण ज्याला ते आधी कोणी सांगितले नाही आणि मग एक दिवस सांगितले, त्याला विचारून पाहावे.

आपल्या भाषेत साडी 'नेसतात', सदरा 'घालतात', फेटा 'बांधतात' आणि शाल 'पांघरतात'. ही चार क्रियापदे उगाच झालेली नाहीत. घातलेला कपडा ज्या दिवशी मापे घेतली त्या दिवसाचे अंग लक्षात ठेवून बसतो. नेसलेले वस्त्र रोज नव्याने अंगाला विचारते. म्हणून सुजणाऱ्या, फुगणाऱ्या, एका दिवसात दोनदा बदलणाऱ्या देहाला न शिवलेले वस्त्र अधिक समजूतदार असायला हवे. पुष्कळ अंशी ते तसे आहेही. कोकणातला पंचा, दक्षिणेतली लुंगी, म्हाताऱ्या माणसाचे मऊ झालेले धोतर यांच्याइतके दयाळू वस्त्र दुसरे नसेल. नऊवारी लुगड्यात तर दोन पाय वेगळे राहतात, उकिडवे बसता येते, शेतात वाकता येते. पण म्हणून जुने ते सोने असा जयघोष करायला मी तयार नाही. कारण लुगड्याचा सगळा भार कमरेच्या एका गाठीवर असतो, आणि ती गाठ सैल ठेवून चालत नाही.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातले विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. व. रा. खानोलकर यांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली एका निबंधात धोतराच्या कर्करोगाची नोंद केली होती: वर्षानुवर्षे एकाच जागी करकचून बांधलेल्या कडेखाली कातडी सोलवटते, जखम होते, बरी होते, पुन्हा होते, आणि क्वचित शेवटी बिघडते. पुढे साडीच्या नाडीचीही तशीच प्रकरणे नोंदली गेली. २०२४ साली वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी ब्रिटनमधल्या एका वैद्यकीय नियतकालिकात अशा दोन स्त्रियांची हकीकत छापली. एक सत्तर वर्षांची. दुसरी सत्तरीकडे झुकलेली, जिने चाळीस वर्षे परकराशिवाय लुगडे कमरेला घट्ट बांधले होते. असा विकार फार विरळा. सणाच्या दिवसांत कोणाला घाबरवण्याचा माझा हेतू नाही. मला त्यातले एवढेच दिसते की त्या बाईंची जखम दोन वर्षे होती, आणि ती दोन वर्षेही लुगडे बहुधा तसेच घट्ट बांधले जात होते. नाडी बोटभर वर किंवा खाली बांधावी, नेफा चार बोटे रुंद ठेवावा, गाठ रोज एकाच जागी येऊ देऊ नये, जमेल तर नाडीऐवजी सैल इलास्टिक घालावे, हे सुचायला काही शास्त्र लागत नाही. मग ते का सुचत नाही? मला वाटते, सुचते; पण वस्त्राच्या बाबतीत स्वतःच्या अंगाचे ऐकणे हे सुखासीनपणाचे लक्षण आहे अशी आपली खोल समजूत आहे. कंबर कसणे हे आपल्या भाषेत कर्तबगारीचे चिन्ह आहे. सैल सोडणे हे चारित्र्याचे वर्णन आहे, आणि ते वाईट आहे.

ही समजूत केवळ आपली आहे असेही नाही. लंडनमध्ये १८८१ साली काही स्त्रियांनी 'रॅशनल ड्रेस सोसायटी' नावाची मंडळी स्थापन केली. पोट आवळणाऱ्या कॉर्सेटला त्यांचा विरोध होता, आणि आतल्या कपड्यांचे वजन, पायताण सोडून, सात पौंडांहून अधिक असू नये असा त्यांचा आग्रह होता. सात पौंड म्हणजे तीन किलोंच्या वर! एवढे वजन ही सवलत होती, यावरून आधीची स्थिती ओळखावी. त्या स्त्रियांची त्या वेळी यथेच्छ टिंगल झाली. टिंगलीचा रोख असा, की यांना स्त्रीपणच नको आहे. त्यांना नको होते ते वजन.

आमच्या चाळींतून आणि सोसायट्यांतून मात्र ही क्रांती कोणत्याही मंडळीशिवाय, ठरावाशिवाय झाली. तिचे नाव गाऊन. खांद्यावरून घोट्यापर्यंत लोंबणारा, कमरेला कुठेही न शिवणारा हा कपडा महाराष्ट्रातल्या बायकांनी गेल्या काही दशकांत इतक्या एकमताने स्वीकारला, की त्याची चेष्टा करणारे पुरुष थकले आणि तो टिकला. भाजीवाला आला की गाऊनवर ओढणी टाकायची, ओढणी सापडली नाही तर टॉवेल. आणि खाली उतरायचे. त्या ओढणीने काही झाकले जाते असे नव्हे, कारण झाकण्याजोगे सगळे गाऊननेच झाकलेले असते. ती ओढणी म्हणजे समाजाला दिलेली पावती आहे: तुमची रीत मला ठाऊक आहे, मी ती विसरलेले नाही. मला या पावतीत मोठे शहाणपण दिसते. पण ही पावती जिन्याखालपर्यंत चालते. हळदीकुंकवाला, लग्नाला, शाळेत, कचेरीत ती चालत नाही. आणि दुखणे तर बरोबर येतेच.

इथे मूळ प्रश्नाशी आपण पोचतो. दुखणाऱ्या माणसाने लोकांच्या रीतीतून सुटका करून घ्यायची असेल तर त्याला काही तरी सांगावे लागते. कारणाशिवाय सूट नाही, हा आपला सामाजिक कायदा आहे. आता हे कारण सांगणे सर्वांना सारखेच सोपे असते काय?

माझा उजवा खुबा काही वर्षांपासून झिजला आहे. मी एका वाक्यात ते शाळेत सांगितले. दुसऱ्या दिवशी वर्गात माझ्यासाठी उंच खुर्ची आली, आणि साडीऐवजी सैल सलवार-कुडता घालून येऊ लागले तेव्हा कोणी भुवई उंचावली नाही. उलट वाटेत भेटेल तो विचारपूस करी. त्याच शाळेत माझ्या शेजारच्या वर्गावर एक बाई होत्या. त्यांचे दुखणे ओटीपोटाचे. त्या अकरा वर्षे "कंबर दुखते" असे सांगत आल्या. कमरेला आपल्याकडे फारशी सहानुभूती नाही, सगळ्यांचीच दुखते. तेव्हा त्यांच्या ढगळ कुडत्याविषयी, मधल्या सुट्टीत पाय वर घेऊन बसण्याविषयी, वार्षिक समारंभाला काठपदराची साडी न नेसण्याविषयी वर्षानुवर्षे बोलले गेले. समारंभाच्या दिवशी रजा टाकणे त्यांना सोपे वाटू लागले. मग भिशी सुटली, मग हळदीकुंकू सुटले. एका नाडीपायी माणूस माणसांतून कसे उठते ते मी शेजारच्या वर्गातून पाहिले.

दुखण्यांनाही प्रतिष्ठा असते, आणि ती वेदनेच्या मानाने ठरत नाही. दुखरी जागा चारचौघांत उच्चारता येते की नाही यावरून ठरते. प्लास्टर घातलेल्या हाताला आगगाडीत जागा मिळते. खुब्याला मिळते. ज्याचे नाव घेता येत नाही त्याला मिळत नाही. म्हणजे ज्यांना सवलतीची गरज अधिक, त्यांनाच ती मागण्याची किंमत अधिक पडते. एखाद्या स्त्रीला सैल कपडा हवा असेल तर तिने आपल्या देहातली सर्वांत खासगी जागा सर्वांत सार्वजनिक ठिकाणी उघड करावी, अशी ही अट आहे. लाज राखण्यासाठी म्हणून जे वस्त्र आपण तिच्यावर लादतो, ते सैल करण्यासाठी आधी लाज सोडावी लागते. यातली विसंगती कोणाच्या ध्यानात येत नाही याचे मला नवल वाटते.

मग ती "कंबर" म्हणते. हे असत्य झाले काय? जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७९७ साली लिहिलेल्या एका निबंधात असे बजावले आहे, की मारेकरी दारात येऊन तुमच्या मित्राचा पत्ता विचारू लागला तरी त्याच्याशीदेखील खोटे बोलण्याचा तुम्हाला अधिकार नाही. आपल्या महाभारतात, कर्णपर्वात, श्रीकृष्ण अर्जुनाला याच्या नेमकी उलट कथा सांगतो: कौशिक नावाच्या तपस्व्याने दरोडेखोरांना खरे सांगून निरपराध माणसांचा घात केला आणि त्या सत्यापायी तो नरकात गेला. एवढ्या थोर माणसांना परकराच्या नाडीसाठी बोलावून आणणे कोणाला हास्यास्पद वाटेल. पण लहान गोष्टीतला न्याय मोठ्या गोष्टीपेक्षा निराळ्या मापाने मोजायचा, हे मला पटत नाही. ज्या प्रश्नाचा अधिकारच विचारणाऱ्याला नाही, त्याच्या उत्तरात पूर्ण सत्य त्याला देणे लागत नाही, असे माझे मत आहे. आणि या बाबतीत मी कांटकडे नसून श्रीकृष्णाकडे आहे. "कंबर" हे खोटे नव्हे. तो एक पडदा आहे, आणि पडदा लावणाऱ्याला कोणी खोटारडा म्हणत नाही.

परंतु या पडद्याची किंमत मी पाहिली आहे, आणि म्हणून तेवढ्यावर समाधान मानवत नाही. समाजासाठी घडवलेला शब्द माणूस दवाखान्यातही घेऊन जातो. त्या बाईंनी डॉक्टरांनाही कंबरच सांगितली. फोटो निघाले ते मणक्यांचे. औषधे झाली ती मणक्यांची. पट्टा मिळाला, तो पुन्हा कमरेलाच, घट्ट. खरे दुखणे उघडकीस यायला अकरा वर्षे लागली. एन्डोमेट्रिओसिसच्या निदानाला जगभरच वर्षे लागतात, त्याला पुष्कळ कारणे आहेत. पण त्यांतले एक कारण आपण सगळे मिळून पुरवतो. चारचौघांत ज्या गोष्टीला शब्द नसतो, तिला तपासणीच्या टेबलावर एकाएकी शब्द फुटत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की सैल कपड्याची मुभा कारणावर अवलंबून असता कामा नये. सांगायचे असेल त्याने सांगावे. पण सांगितल्यावाचून मिळू नये असे त्यात काही नाही. यावर लगेच आक्षेप येईल, की मग शिस्त ती काय राहिली? उद्या कोणीही कसेही येईल. मी शिक्षिका आहे. शिस्तीला तुच्छ लेखणे मला परवडणारे नाही. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये शिक्षकांच्या पोशाखाविषयी निर्णय काढला. त्यात स्त्रियांसाठी साडी किंवा सलवार, चुडीदार, कुडता व दुपट्टा, आणि पुरुषांसाठी पँट व आत खोचलेला शर्ट सांगितला. जीन पँट आणि टी-शर्ट नको म्हटले. त्यावर पुष्कळ वाद झाला. मला त्या निर्णयात साडीच्या जोडीला सलवार आहे हे बरे वाटले, कारण सलवारीची नाडी बसल्या जागी सैल करता येते. खोचलेल्या शर्टाविषयी मात्र माझ्या मनात त्या पुरुष शिक्षकांची कणव आहे, ज्यांना जांघेत अंतर्गळ आहे किंवा जे नुकतेच खुब्याच्या शस्त्रक्रियेतून उठले आहेत. शर्ट खोचला की पट्टा आला, आणि पट्टा आला की दुखणे आले. पुरुषांची तर आणखीच कुचंबणा. बायकांना निदान एकमेकींत कुजबुजता येते. लेंगा घालून शाळेत आलेल्या मास्तरांना काय झाले आहे हे विचारण्याची भाषा पुरुषांपाशी नाही, फक्त थट्टेची आहे. कपडा स्वच्छ असावा, अंग झाकणारा असावा, इतके सांगण्याचा अधिकार शाळेला आहे. तो कुठे आवळलेला असावा हे सांगण्याचा आहे असे मला वाटत नाही. आणि नियमात ते लिहिलेले नसले तरी नियम राबवणाऱ्यांच्या नजरेत ते असते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि त्याला उत्तर देणे मला तितके सोपे जात नाही. वस्त्र हा इतरांविषयीचा आदर असतो. मृत्यू झालेल्या घरी आपण भरजरी नेसून जात नाही. लेकीच्या लग्नात विटकी साडी नेसणारी आई लेकीला दुखवते. हे खरे आहे. मीही ते पाळते. महात्मा गांधींनी २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरेला कमरेचा पंचा तेवढा ठेवून बाकीचे कपडे सोडले, तेही इतरांसाठीच, ज्यांना पुरेसे वस्त्र नव्हते त्यांच्यासाठी. व्रतासाठी वस्त्र बदलणाऱ्याला आपण हात जोडतो. नवसासाठी कोणी वर्षभर एकच रंग वापरला तर कौतुक होते. आणि केवळ दुखते म्हणून कोणी वस्त्र बदलले तर त्याच्याकडे पुरावा मागतो! मनाने केलेला निश्चय आणि देहाने केलेली विनवणी यांत पहिली तेवढी पवित्र, हे कोणी ठरवले? आदर हवाच, पण लेकीला आईच्या साडीचा रंग पाहून आनंद होतो, तिच्या नेफ्याची घट्टी पाहून नव्हे. आता तयार शिवलेल्या नऊवाऱ्या मिळतात, इलास्टिकच्या. सहावारीही शिवून मिळते. जुन्या बायका नाक मुरडतात, की हे नेसणे नव्हे, घालणे झाले. नाक मुरडू द्यावे. बाजारात दुसराही एक प्रकार आला आहे, साडीखाली घालायचा घट्ट ताणाचा परकर, पोट सपाट दिसावे म्हणून. त्याच्या जाहिरातीत 'आरामदायी' हा शब्द असतो. शब्दांवर खटला भरता येत नाही म्हणून बरे.

आणि सुखकर म्हणजे गबाळे, ही तर नुसती आळशी समजूत आहे. मेक्सिकोची चित्रकार फ्रिदा काहलो हिला सहाव्या वर्षी पोलिओ झाला. १७ सप्टेंबर १९२५ रोजी, अठराव्या वर्षी, बसच्या अपघातात तिचा कणा, ओटीची हाडे आणि पाय मोडले. पुढची एकोणतीस वर्षे ती वेदनेत जगली. प्लास्टरच्या आणि लोखंडी पट्ट्यांच्या कवचांत अंग आवळून घेणे तिला भागच होते. तिने त्यावर काय घातले? तेहुआन्तेपेकच्या बायकांचा पोशाख: कमरेशी संपणारा, सरळ चौकोनी तुकड्यांचा, कुठेही न चापलेला झगझगीत झगा, आणि खाली घोट्यापर्यंतचा घेरदार घागरा. झग्याखाली कवच मावत होते, घागऱ्याखाली आखूड पाय झाकत होता, आणि बघणाऱ्याची नजर केसांतल्या फुलांवर खिळत होती. १९५४ साली ती वारल्यावर तिचे कपडे नवऱ्याच्या इच्छेनुसार तिच्या घरातल्या एका न्हाणीघरात बंद करून ठेवले गेले. ते २००४ साली उघडण्यात आले. पन्नास वर्षे कुलपात राहूनही त्यांचे रंग लोकांना पाहावेसे वाटले. तिने लोकांची रुची झिडकारली नाही आणि तिच्यापुढे वाकलीही नाही. मात्र हेही विसरू नये, की तिच्यापाशी प्रतिभा होती, कीर्ती होती. तिच्या विचित्र पोशाखाला लोक शैली म्हणत. आमच्या शाळेतल्या बाईंच्या कुडत्याला कोणी शैली म्हटले नाही.

एक गोष्ट राहिली. दुखणे वाढले, किंवा शस्त्रक्रिया झाली, की काही आठवडे दुसऱ्याच्या हातून कपडे घालून घ्यावे लागतात. खुबा बदलल्यावर पुष्कळांना काही आठवडे काटकोनापलीकडे वाकू नका असे सांगतात. मग पायात सलवार कोण चढवणार? आपल्याकडे हे काम सुनेकडे येते, मुलीकडे येते, नवऱ्याकडे क्वचित येते आणि आले तर दोघेही भिंतीकडे पाहतात. ज्या हातांनी आजवर दुसऱ्यांना आंघोळी घातल्या, झबली चढवली, त्या हातांना आता नुसते धरून बसायचे असते. माझ्या ओळखीच्या एक आजी सुनेला प्रत्येक वेळी कपड्यांच्या घडीतून एकच परकर काढायला लावीत, जुना, धुऊन धुऊन पातळ झालेला. सुनेने दोन नवे शिवून आणले होते, रुंद नेफ्याचे, मऊ सुताचे. ते त्यांनी हात लावून पाहिले आणि परत ठेवले. तिने कारण विचारले नाही. जुन्या परकराच्या नाडीला तिने दोन्ही टोकांशी वीतभर कापड जोडले, म्हणजे गाठ आजींच्या स्वतःच्या हाताला पुढे, पोटावर, जिथे त्यांना हवी तिथे मारता यावी. मग ती दार लोटून घेऊन बाहेर उभी राहिली, आणि आतून हाक येईपर्यंत उभी राहिली.